हळू वाजणारी गाणी मागे पडतायत

आमच्या घरी सकाळी पावणेसहाला किचनमध्ये गाणी सुरू होतात. आईची ही सवय माझ्या जन्माच्या आधीपासूनची आहे, पूर्वी रेडिओ असायचा, आता ओट्यावर खिडकीशी एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आहे आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो. कणीक मळताना ऐकायचं, भाजी फोडणीला टाकताना ऐकायचं, डबे भरून होईपर्यंत चालू. मागच्या वर्षी बहीण बाळंतपणाला माहेरी आली आणि तेव्हापासून या गाण्यांचा त्रास आम्हाला जाणवायला लागला, आधीही होताच, पण घरात तान्हं बाळ झोपलेलं नव्हतं.

व्हायचं असं की एखादा जुना अभंग लागायचा, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग, इतका हळू की नळ सोडला की त्यात बुडून जायचा. मग आई आवाज वाढवायची. मग परत कणकेत हात घालायची. आणि चार मिनिटांनी पुढचं गाणं यायचं ते हल्लीचं, जोरकस ढोलकी, खाली धडधडणारा बेस, ते असं दणकन अंगावर यायचं की पलीकडच्या खोलीतली पोर दचकून रडायला लागायची, आणि आई बिचारी नळाकडे पळायची कारण कणकेच्या हातांनी फोनची स्क्रीन चालत नाही, हात धुवून पुसून फोन हातात घेईपर्यंत अर्धं कडवं वाजून गेलेलं असायचं आणि बाळ पूर्ण जागं झालेलं असायचं. मध्ये जाहिरात लागली तर ती या दोघांच्याही वर.

महिन्याभराने माझ्या लक्षात आलं की आई जुनी गाणी लावतच नाहीये. विचारलं तर म्हणाली, "ती फार हळू वाजतात रे, आणि मग पुढचं दणकतं. त्यापेक्षा सगळी नवीनच लावते, एकसारखी तरी वाजतात."

हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. जिने मला लहानपणी ती जुनी गाणी कानात घातली तिने ती सोडून दिली, आणि त्यामागे आवडनिवड काहीच नव्हती, फक्त एक तांत्रिक आकडा होता जो कुणीतरी नीट लावला नाही. आवाज कमीजास्त होणं ही आपण किरकोळ कटकट समजतो, बटण दाबा आणि पुढे चला. पण माझं म्हणणं आहे की ती किरकोळ नाहीये, यात हळू रेकॉर्ड झालेली गाणी रोज थोडी थोडी हरतायत, आणि हा प्रश्न सोडवायची रीत जगाला माहीत असून पंधरा-वीस वर्षं झाली तरी त्याचा भार अजून ऐकणाऱ्याच्या अंगठ्यावर टाकलेला आहे.

पूर्वी हे काम माणूस करायचा. रेडिओ स्टेशनवर कन्सोलसमोर बसलेल्या माणसापुढे एक काट्याचा मीटर असायचा, एक तबकडी संपून दुसरी सुरू होताना तो काट्याकडे बघत आणि कानाने ऐकत फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वरखाली करायचा. १९५७ साली विविध भारती सुरू झाली तेव्हापासून किती पिढ्यांनी घरात तासन्‌तास गाणी ऐकली, १९३५ चं एक गाणं आणि १९७५ चं एक गाणं पाठोपाठ लागली तरी आपण कधी उठून बटण पिरगाळलं नाही, कारण आपल्या वतीने ते कुणीतरी करत होतं. स्ट्रीमिंगमध्ये तो माणूस गेला. त्याच्या जागी काय आलं हा प्रश्न आहे.

तर त्याच्या जागी खरं तर एक फार चांगली गोष्ट आली, मोजमाप. २००६ मध्ये इंटरनॅशनल टेलिकम्युनिकेशन युनियनने बीएस १७७० नावाचं मानक काढलं, आवाजाची पातळी माणसाच्या कानाला जशी जाणवते तशी मोजायचं. आधी लोक मुख्यतः टोक मोजायचे, म्हणजे गाण्यातला सगळ्यात उंच क्षण किती उंच आहे तेवढं, आणि त्याचा आणि गाणं किती जोरात वाटतं याचा फारसा संबंध नसतो. तबल्याची एक कडक थाप टोकाला जाऊन येते पण ती एका क्षणाची, त्याने गाणं मोठं वाटत नाही. नवीन पद्धतीत पूर्ण गाण्याची सरासरी ऊर्जा काढतात, खालच्या बेसला कमी वजन देतात कारण आपला कान तो कमी ऐकतो, शांततेचे तुकडे वगळतात, आणि एक आकडा देतात, एलयूएफएस या एककात, त्यातला एकाचा फरक म्हणजे एक डेसिबल. आकडा शून्याच्या खाली असतो, उणे ८ म्हणजे जोरात, उणे २० म्हणजे हळू. २०१० मध्ये युरोपातल्या ब्रॉडकास्टर्सनी ठरवलं की टीव्ही-रेडिओवरचं सगळं उणे २३ वर आणायचं. संपला विषय. दोन गाण्यांमधला फरक दहाचा असेल तर एक वर घ्या नाहीतर एक खाली घ्या, साधी वजाबाकी आहे. आणि दहा हा फरक लहान नाही, साधारण दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

मग गाणी मुळात इतकी वेगवेगळ्या पातळीवर का असतात? याचं उत्तर मला एका मित्राने दिलं, तो पुण्यात एका स्टुडिओत मिक्सिंग-मास्टरिंग करतो, म्हणजे रेकॉर्ड झालेले आवाज जुळवून गाण्यावर शेवटचा हात फिरवतो. म्हणाला, गाणं मी माझ्या मते छान करून पाठवतो, थोडा श्वास असलेलं, कडव्याला खाली जाणारं आणि ध्रुवपदाला वर येणारं, आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो की आपलं गाणं बारीक वाजतंय. कशाच्या मानाने बारीक? तर निर्मात्याने गाडीत आधी दुसरं एक हिट गाणं लावलं, मग आपलं लावलं, आणि आपलं बारीक वाटलं. "अजून वर घे." मग लिमिटर लावायचा, उंच टोकं दाबायची आणि सगळं गाणं वर ढकलायचं. परत फोन, अजून वर. शेवटी त्या गाण्याची वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, स्क्रीनवर बघितली तर डोंगरदऱ्या काही उरलेल्या नसतात, एक सरळ चौकोनी वीट दिसते.

ही शर्यत जगभर झालीये. सीडी १९८२ मध्ये आली तेव्हा तिच्यात हळू आणि जोरात यांच्यातलं अंतर ठेवायला भरपूर जागा होती, आणि नव्वदच्या दशकात डिजिटल लिमिटर आल्यावर लोकांनी ती सगळी जागा वरच्या टोकाला गाणं चिकटवण्यात घालवली. इंग्रजीत याला लाउडनेस वॉर म्हणतात. २००८ साली मेटालिका या हेवी मेटल बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' अल्बम आला, तो इतका दाबलेला होता की आवाज फाटतोय अशी खुद्द चाहत्यांची तक्रार झाली, आणि गंमत म्हणजे 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये त्याच गाण्यांची कमी दाबलेली आवृत्ती होती, लोक दोन्ही शेजारी लावून दाखवायचे. हेवी मेटल ऐकणारी माणसं सांगत होती की हे फार जोरात आहे, यावरून काय ते समजा.

आपल्याकडे ही शर्यत अजून संपलेली नाही आणि तिचा फटका आपल्या जुन्या गाण्यांना बसतो, कारण ती गाणी शर्यतीत नव्हतीच.

आता कंपन्या काय करतात ते बघा, काहीच करत नाहीत असं मी म्हणत नाही. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ वर आणतं, ॲपल म्युझिकमध्ये साउंड चेक नावाचं सेटिंग आहे ते उणे १६ च्या आसपास आणतं, यूट्यूब उणे १४ च्या आसपास. मोजून झालेलं आहे, म्हणजे प्रत्येक गाण्याचा आकडा त्यांच्याकडे आहे. यूट्यूबवर तर तो तुम्हाला स्वतःला बघता येतो, कॉम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक करा, 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा, एक काळी पाटी उघडते, तिच्यात व्हॉल्यूमची ओळ असते. मी एक संध्याकाळ हेच करत बसलो होतो. जोरात केलेल्या गाण्याला तिथे असं काहीसं दिसतं, १०० टक्के / ५५ टक्के, कंटेंट लाउडनेस ५.२ डीबी. याचा अर्थ गाणं ठरलेल्या पातळीच्या ५.२ डेसिबल वर होतं म्हणून यूट्यूबने ते ५५ टक्क्यांवर खाली आणलं. म्हणजे तो निर्माता, तो फोन, ते 'अजून वर घे', सगळं फुकट गेलं, गाण्याचा श्वासही गेला आणि वाजताना ते खालीच आणलं गेलं. हे मला आधी माहीत असतं तर मित्राला तेव्हाच सांगितलं असतं की ही पाटी त्या माणसाला दाखव.

पण त्याच पाटीवर जुनं गाणं बघा. तिथे दिसतं १०० टक्के / १०० टक्के, आणि लाउडनेसच्या पुढे उणे काहीतरी, उणे सहा, उणे आठ, कधी त्याहून खाली. म्हणजे यूट्यूबला पक्कं माहीत आहे की हे गाणं आठ डेसिबल हळू आहे, आकडा स्क्रीनवर लिहिलेला आहे, आणि तरीही ते वर आणलेलं नाही. जोरातलं खाली आणायचं, हळू असलेलं तसंच सोडून द्यायचं. आईच्या किचनमधला अर्धा प्रश्न हाच आहे.

का करत नाहीत, याला एक खरं तांत्रिक कारण आहे आणि ते नीट सांगायला पाहिजे नाहीतर ही नुसती तक्रार होईल. डिजिटल आवाजाला एक छत असतं, त्याच्या वर गेलं की आवाज फाटतो. गाणं वर उचलताना त्यातलं सगळ्यात उंच टोक छताला लागेपर्यंतच उचलता येतं. स्पॉटिफाय हळू गाणी वर घेतं पण छताखाली एक डेसिबलची जागा सोडून, त्यांनीच दिलेलं उदाहरण आहे, गाणं उणे २० वर आहे आणि त्याचं टोक उणे ५ वर आहे तर उचलायला हवं सहा, पण उचलता येतं चारच, म्हणून ते उणे १६ वर थांबतं.

आता हे आपल्या संगीताला लावून बघा. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या तबकड्या घ्या, मिरजेत राहिलेला, १९३७ साली गेलेला तो माणूस, आवाज रेशमासारखा, कुठे जोर म्हणून नाही. त्या तबकडीवरून जे डिजिटल झालंय त्यात मध्येच तबकडीच्या ओरखड्याचा 'टक्' असा आवाज येतो ना, कॉम्प्युटरच्या दृष्टीने तो ओरखडा हेच गाण्याचं सगळ्यात उंच टोक असू शकतं. मग मशीन बघतं, टोक छताजवळ आहे, हे गाणं उचलता येणार नाही, आणि खाँसाहेब खाली राहतात. एका ओरखड्यासाठी! तबल्याच्या थापेचंही तेच, मागे तानपुरा, पुढे हळू गाणारा गळा आणि मध्येच एक चाट छताला लागते, की गाणं तिथेच अडलं. ज्या संगीतात हळू आणि जोरात यांच्यात अंतर जास्त, ते संगीत या पद्धतीत कायम कमी आवाजात वाजणार. सगळ्यांना एकच नियम असला तरी त्याचा तोटा कुणाला होतो हे बघायला पाहिजे.

आणि याला उपाय आहे, अवघड पण नाही. ठरलेली पातळीच थोडी खाली ठेवायची. उणे १४ ऐवजी उणे १८-१९ वर सगळ्यांना आणलं तर जोरातली गाणी अजून थोडी खाली येतात आणि हळू गाण्यांना वर उचलायची गरजच फार पडत नाही, छताचा प्रश्न बराचसा मिटतो, ऐकणाऱ्याने एकदाच फोनचा आवाज वाढवून ठेवायचा. युरोपातल्या टीव्हीवाल्यांनी उणे २३ हा आकडा निवडला त्यात हा फायदा आहेच. स्पॉटिफायमध्ये सुद्धा क्वाएट, नॉर्मल, लाउड असे तीन पर्याय आहेत आणि त्यातला क्वाएट म्हणजे उणे १९. जुनी-नवी गाणी एकत्र ऐकणाऱ्या प्रत्येकाने तो लावून बघावा असं मी मनापासून सांगेन, नाव क्वाएट असलं तरी त्यात खाँसाहेब जास्त नीट ऐकू येतात.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो संगीतावर प्रेम करणाऱ्यांकडूनच येतो म्हणून त्याला जास्त जागा देतो. ते म्हणतात सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा केला तर संगीतातला चढउतार मरेल, कलाकाराने जे केलंय त्याला हात लावू नका. मला ही काळजी पूर्ण मान्य आहे पण ती चुकीच्या ठिकाणी लागलीये. पातळी सारखी करणं म्हणजे पूर्ण गाणं एका हाताने थोडं वर किंवा थोडं खाली सरकवणं, जसं तुम्ही स्वतः बटण फिरवता तसंच, गाण्याच्या आत काहीच बदलत नाही. आत हात घालतो तो लिमिटर, आणि तो लावला जातो तो पातळ्या सारख्या नाहीत म्हणूनच, शेजारच्या गाण्यापेक्षा बारीक वाजायची भीती असते म्हणून.

किशोरीताई आमोणकरांचा एखादा ख्याल डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला नुसता तानपुरा, मग एक स्वर, तो सुद्धा इतका हळू की खोलीतला पंखा बंद करावासा वाटतो, मग वाढत वाढत अर्ध्या तासाने द्रुत, तबला खुललेला, ताना. हा चढ त्यांचा आहे. त्यांनी तो विचार करून रचलाय आणि त्याला कुणीही हात लावता कामा नये. कुमारजींचं, म्हणजे कुमार गंधर्वांचं, असंच, एका क्षणी स्वर पुसट होतो आणि पुढच्याच क्षणी टोकदार उसळतो, तो आवाज 'समान' केला तर कुमारजी उरतच नाहीत. पण हा ख्याल संपल्यावर पुढे जे गाणं लागतं, वेगळ्या माणसाचं, वेगळ्या काळातलं, वेगळ्या स्टुडिओतलं, ते दहा डेसिबल वर आहे, हा फरक कुणी रचला? कुणीच नाही. तो किशोरीताईंचा नाही आणि पुढच्या गायकाचाही नाही, आणि ज्या मापाने तो पुसायचा ते माप ख्यालाच्या आतल्या चढाला धक्का लावत नाही.

हां, एका बाबतीत मात्र कंपन्यांनी सांभाळायला हवं. शास्त्रीय मैफलीचं रेकॉर्डिंग बऱ्याचदा तुकड्यात टाकलेलं असतं, आलाप एक ट्रॅक, विलंबित एक, द्रुत एक. हे तीन तुकडे वेगवेगळे मोजून सारखे केले तर आलाप आणि द्रुत एकाच जोरात वाजतील आणि मैफलीची वाट लागेल. त्यावर उपाय म्हणजे अल्बम एकत्र मोजायचा आणि सगळ्या ट्रॅकना एकाच मापाने हलवायचं. स्पॉटिफायवर अल्बम सलग लावला तर असंच होतं. हे सगळीकडे व्हायला पाहिजे.

कानाचाही प्रश्न आहे आणि तो मला आईपेक्षा माझ्या वयाच्या आणि त्याहून लहान मुलांबद्दल जास्त वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन असं आहे की मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ऐकलं तर चालतं. तेच ९० डेसिबलला फक्त ४ तास. फक्त दहाचा फरक आणि चाळीसाचे चार. आता बसमध्ये कानात इयरफोन घालून बसलेल्या पोराचा विचार करा, इंजिनाचा आवाज, हळू गाणं लागलं म्हणून त्याने आवाज वाढवला, पुढचं गाणं दहा डेसिबल वर आलं, आणि त्याने ते तसंच ठेवलं कारण कानाला दोन मिनिटांत सवय होते. आपण मुलांना आवाज कमी ठेव म्हणून सांगतो, आणि प्लेलिस्ट त्यांच्या हातून तो वाढवून घेते.

जाहिरातीचं काय करायचं? हा भाग सरकारचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत २०१० साली 'काम' (CALM) ॲक्ट नावाचा कायदा झाला आणि २०१२ च्या डिसेंबरपासून टीव्हीवरची जाहिरात कार्यक्रमापेक्षा जोरात वाजवायला बंदी आली. तो टीव्हीपुरता होता, म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने व्हिडिओ स्ट्रीमिंगसाठी तसाच कायदा केला, त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२६ पासून ठरली. त्या कायद्यामागची गोष्ट वाचताना मी थांबलोच, कारण तिथेही निमित्त एक तान्ही मुलगीच होती, मुश्किलीने झोपवलेली आणि जाहिरातीच्या आवाजाने उठलेली, आणि तिचा बाप एका आमदाराच्या ऑफिसात कामाला होता.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९९४ च्या केबल टीव्हीच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की जाहिरातीचं दृश्य आणि आवाज अवाजवी 'लाउड' नसावेत. तीस वर्षांपूर्वी ही गोष्ट कुणालातरी सुचली होती याचं मला कौतुक वाटतं. पण नियमात आकडा नाही, अवाजवी म्हणजे किती ते कसं ठरवणार, आणि तो केबलसाठी आहे, फोनवरच्या गाण्यांना लागू नाही. २०२१ च्या आयटी नियमांत ओटीटी आलं, वयोगट आले, तक्रार कुठे करायची ते आलं, आवाजाच्या पातळीचा विषय त्यात नाही. आता मोजायची पद्धत जगाने ठरवून दिलेली आहे, बीएस १७७० लावा आणि एक ओळ लिहा की जाहिरात ज्या गाण्यांच्या मध्ये वाजते त्यांच्या पातळीच्या वर जाणार नाही, मग ते गाणं असो, पॉडकास्ट असो की व्हिडिओ. फुकट ऐकतो म्हणून जाहिरात ऐकायला माझी ना नाही, ती कंपनीची कमाई आहे, पण कान फोडून घ्यायचं काही ठरलं नव्हतं.

बाकीच्यासाठी मला कायदा नको, कंपन्यांनी स्वतः करावं. सगळ्यात आधी हे सेटिंग प्रत्येक फोनवर, प्रत्येक टीव्हीवर, प्रत्येक स्पीकरवर आपोआप चालू असायला हवं. आज तसं नाही, स्पॉटिफायचंच धोरण असं राहिलंय की वेब प्लेअरवर आणि दुसऱ्या कंपन्यांच्या स्पीकर-टीव्हीवर हे समतोल लागू होत नाही, म्हणजे नेमकं जिथे घरातली चार माणसं एकत्र ऐकतात तिथेच नाही. आणि सेटिंग असतं तिथे ते मेनूच्या आत, त्याच्याही आत, 'ऑडिओ नॉर्मलायझेशन' अशा नावाने. माझ्या आईने हे नाव वाचून ते काय आहे ते ओळखावं अशी अपेक्षा कोण ठेवू शकतं? मराठीत 'सगळी गाणी सारख्या आवाजात वाजवा' असं लिहिलं असतं तर तिने पहिल्याच दिवशी दाबलं असतं. जुन्या गाण्यांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या कंपन्यांनी सुद्धा ती गाणी पुन्हा अपलोड करताना ओरखडे साफ करून टाकावेत, एवढं त्या आवाजांचं देणं लागतो आपण. आणि साफ करताना दाबून वीट करू नये, हे हात जोडून सांगणं आहे, कारण तसंही होताना दिसतं, 'रीमास्टर्ड' लिहिलेलं असतं आणि गळ्यातला सगळा हलकेपणा गेलेला असतो.

हे सगळं खरंच इतकं सोपं आहे का हे मला स्वतःला बघायचं होतं. बाबांनी घेतलेल्या सीड्यांचा एक खोका माळ्यावर होता, अभंग, नाट्यगीतं, भावगीतं, थोड्या नव्या सिनेमाच्या. एका शनिवारी दुपारी त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि एमपीथ्रीगेन नावाचं जुनं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं, ते प्रत्येक फाइल मोजतं आणि फाइलमध्येच आवाजाचा आकडा बदलून ठेवतं, गाण्याला बाकी कुठे हात लावत नाही. एका खाली एक नावं आणि त्यापुढे आकडे येत गेले, जुनी भावगीतं वर सरकली, सिनेमाची खाली आली. सीड्या उतरवायलाच काय तो वेळ लागला, हे मोजून बदलायचं काम चहा होईपर्यंत संपलं. सगळं एका पेनड्राइव्हवर टाकलं आणि किचनमधल्या स्पीकरला मागून लावला.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम लवकर उठून किचनच्या दारात उभा राहिलो. एक जुना अभंग झाला, मग सिनेमातलं एक नवीन गाणं लागलं, मग परत एक जुनं नाट्यगीत. आईचे हात मनगटापर्यंत कणकेत होते आणि ते तसेच राहिले, आतल्या खोलीतून काही आवाज आला नाही. पोळपाट पुढ्यात घेताना तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माळ्यावर अजून कॅसेटी पण आहेत बघ, त्याही घालता येतील का यात?"